उतारवयातील लांब पल्ल्याची दौड

(सीमाभागातील ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



‘मॅरेथॉन’ हा शब्द आता बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतही रुळला आहे. एखाद्या राष्ट्रीय सणाच्या निमित्ताने तालुक्याच्या गावी शाळेपासून बसस्थानकापर्यंत तीन किलोमीटरची शर्यत झाली, तरी फलकावर ‘मॅरेथॉन’ असेच लिहिलेले असते. बोलण्यात एवढी मोकळीक चालावयाचीच. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु साठी ओलांडलेल्या माणसाने या शर्यतीत उतरावे किंवा नाही, असा प्रश्न निघतो तेव्हा मात्र शब्दाचा नेमका अर्थ ठाऊक असणे आवश्यक ठरते. तीन किलोमीटर धावणारे शरीर आणि बेचाळीस किलोमीटर धावणारे शरीर यांची तयारी सर्वस्वी वेगळी आहे, आणि या दोहोंची गल्लत झाली तर तिची किंमत म्हाताऱ्या माणसाला मोजावी लागते.

खरी मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरांची. कलबुर्गीहून आळंदला किंवा बीदरहून भालकीला जावयाचे म्हटले, तर जवळपास एवढीच मजल पडते. बसमध्ये बसून हे अंतर कापताना मध्ये एक डुलकी होते; पायी धावत जाणाऱ्याला ते फर्लांगाफर्लांगाने मोजावे लागते. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक सामने प्रथम भरले, तेव्हा ही शर्यत सुमारे चाळीस किलोमीटरांची होती आणि ती जिंकणारा स्पिरिडॉन लुई हा ग्रीक खेडूत पाणी वाहून पोट भरणारा होता. १९०८ च्या लंडन येथील सामन्यांत आजचे अंतर धावले गेले व १९२१ मध्ये तेच कायम ठरविण्यात आले.

ही शर्यत आपल्याकडील नव्हे, शहरी व परदेशी शौक आहे, असे कोणी म्हणू लागला तर त्यास बेळगावचे नाव सांगावे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर मैदानी शर्यती झाल्या. सर दोराबजी टाटा तेथे अध्यक्ष होते. अनवाणी धावणारी शेतकरी मुले पाहून ते चकित झाले आणि पुढील वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा संघ पाठविण्याच्या खटपटीला लागले. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षीचे अंतर तर आजच्यापेक्षाही अर्ध्या किलोमीटरने अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले तेव्हा तरुण होते. पिकल्या केसांच्या माणसाचा प्रश्न निराळा आहे, आणि आजचे विवेचन त्याच्यासाठी आहे.

या विषयाचा उल्लेख होताच मराठी माणसास प्रथम आठवतात त्या बारामतीच्या श्रीमती लता करे. मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातील हे कुटुंब पोटापाण्यासाठी बारामती परिसरात आले. श्रीमती करे शेतमजुरी करीत. पती आजारी पडले, तपासणीसाठी सुमारे पाच हजार रुपये हवे होते आणि जवळ काही उरले नव्हते. बारामतीत भरणाऱ्या शर्यतीत ज्येष्ठ नागरिकांच्या गटासाठी पाच हजार रुपयांचे बक्षीस आहे, असे त्यांच्या कानी आले. डिसेंबर २०१३ मध्ये साठी ओलांडलेल्या या बाई नऊवारी लुगडे नेसून, अनवाणी पायांनी त्या शर्यतीत धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या वर्षीही त्यांनी ती शर्यत जिंकली. त्यांच्या जीवनावर नवीन देशबोइना या दिग्दर्शकाने ‘लता भगवान करे’ नावाचा मराठी चित्रपट काढला. तो २०२० च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. त्यात श्रीमती करे यांनी स्वतःचीच भूमिका केली व २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला.

ही हकीकत व्याख्यानांतून व शाळांच्या संमेलनांतून वारंवार सांगितली जाते. सांगावी अशीच ती आहे. तथापि सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात आणि त्या गाळू नयेत. एक म्हणजे, ती शर्यत तीन किलोमीटरांची होती. यामुळे श्रीमती करे यांच्या कर्तृत्वास तिळमात्र उणेपणा येत नाही. परंतु ‘त्या बाई अनवाणी मॅरेथॉन धावल्या, मग आपणास काय अवघड’ असा विचार करून एखादे गृहस्थ निवृत्तीनंतर वीस वर्षांच्या बैठ्या सवयीसह एकदम बेचाळीस किलोमीटरांस उभे राहतील, तर तो घात ठरेल. शिवाय श्रीमती करे यांची तयारी झालीच नव्हती, असेही नव्हे. खुरपणी, कापणी, डोक्यावरचे ओझे आणि बांधावरून रोजची पायपीट ही वर्षानुवर्षांची तालीम त्यांच्या पायांत होती. फक्त तिला तालीम असे नाव कोणी दिले नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. नवऱ्याच्या तपासणीचे पैसे उभे करण्यासाठी बायकोला शर्यत जिंकावी लागते, या घटनेत कौतुक जेवढे आहे तेवढीच लाजही आहे, आणि ती लाज धावणाऱ्या बाईंच्या वाट्याची नाही. या सभेत जे अधिकारी व लोकप्रतिनिधी आहेत, त्यांनी टाळ्या वाजविताना एवढे ध्यानात ठेवावे. म्हातारपणी धावणे ही आवडीची व आरोग्याची गोष्ट असावी. गरजेपोटी धावण्याची पाळी कोणावर येऊ नये.

आता शरीराचा विचार करू. तिशीनंतर माणसाची प्राणवायू वापरण्याची क्षमता दर दहा वर्षांनी साधारण एक दशांशाने घटत जाते. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा उतरते, स्नायू झिजतात, शिरा व सांधेबंध ताठर होतात आणि दमलेले शरीर पूर्ववत व्हावयास अधिक दिवस घेते. हे कोणालाही चुकलेले नाही. परंतु नियमाने व्यायाम करणाऱ्याच्या बाबतीत ही घसरण बरीच मंद होते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या हौशी धावकांची व त्याच वयाच्या न धावणाऱ्यांची वर्षानुवर्षे पाहणी केली. २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकोणीस वर्षांत न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के मरण पावले, तर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के. उठणे, बसणे, चालणे, कपडे घालणे यांत दुसऱ्याची मदत लागण्याची वेळही धावणाऱ्यांवर बरीच उशिरा आली. अर्थात मुळात धडधाकट माणूसच धावावयास निघतो, हे विसरता येत नाही. सगळे श्रेय धावण्याला देणे योग्य होणार नाही. तरी गावच्या माणसाच्या दृष्टीने दुसरा निष्कर्षच महत्त्वाचा. वय किती वाढले यापेक्षा शेवटपर्यंत आपल्या पायांनी परसाकडे जाता आले की नाही, याची काळजी वृद्धांना अधिक असते.

‘धावल्याने गुडघे झिजतात’ ही समजूत घरोघर आहे. हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याचा संधिवात बैठ्या माणसांपेक्षा अधिक आढळत नाही, उलट काहीसा कमीच आढळतो, असे आजवरच्या पाहण्यांतून दिसून आले आहे. मात्र ज्यांचा गुडघा आधीच दुखावलेला आहे किंवा वजन फार वाढलेले आहे, त्यांनी या वाक्याचा आधार घेऊन धावू नये.

वयाच्या मर्यादेसंबंधी दोन उदाहरणे पुरेशी आहेत. कॅनडातील एड व्हिटलॉक हे निवृत्त खाण अभियंता. २००४ साली वयाच्या ७३ व्या वर्षी त्यांनी टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली. तरुण चौगुले यांच्या वेळेशी ही वेळ ताडून पाहावी. यांचा सराव कोठे होई? घराजवळच्या दफनभूमीत. तेथील शांत रस्त्यावर ते तासन्‌तास फेऱ्या घालीत. घर जवळ, वाहनांची वर्दळ नाही, एवढेच कारण. दुसरे उदाहरण जालंधर जिल्ह्यातील सरदार फौजासिंग यांचे. शेतकरी, अक्षरओळख नाही. १९९२ मध्ये पत्नी गेली, १९९४ मध्ये तरणाताठा मुलगा डोळ्यांदेखत अपघातात गेला. दुःखाने सैरभैर झालेला हा म्हातारा लंडनला दुसऱ्या मुलाकडे राहू लागला आणि तेथे धावण्यात त्याला थोडा विसर पडू लागला. २००० साली वयाच्या ८९ व्या वर्षी त्यांनी पहिली मॅरेथॉन पुरी केली. २००३ मध्ये टोरांटो येथे ५ तास ४० मिनिटे, आणि २०११ मध्ये तेथेच, शंभर वर्षांचे असताना, ८ तास ११ मिनिटे.

या शेवटच्या आकड्याचा हिशेब शिक्षकांनी वर्गात मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. आठ तास अकरा मिनिटांत बेचाळीस किलोमीटर म्हणजे ताशी पाच किलोमीटरांहून थोडा अधिक वेग. बाजाराच्या दिवशी एस.टी. गाठण्यासाठी माणूस झपझप चालतो, तेवढाच हा वेग. त्यातील नवल वेगाचे नसून आठ तास न थांबण्याचे आहे. आणि न थांबता चालत राहणे ही गोष्ट या भागातील वृद्धांना कोणी शिकवावयास नको. सीमाभागातील कितीतरी गावांतून आषाढीला पंढरपूरला दिंड्या जातात. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे अडीचशे किलोमीटर चालते. त्यांत पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा एकच टप्पा तीस किलोमीटरांच्या आसपास आहे. सत्तरीच्या बाया डोईवर तुळस घेऊन तो चढतात. पुढे वेळापूरजवळ ‘धावा’ होतो. तेथे उतारावर सारे वारकरी पंढरीच्या दिशेने खरोखरीच धावत सुटतात आणि त्या वेळी म्हाताऱ्यांना कोणी हसत नाही. तोच म्हातारा गावी परतून सकाळी रस्त्याने धावू लागला, की मात्र पानपट्टीवरून आवाज येतो, ‘काका, बस चुकली काय?’

या एका प्रश्नाने जेवढे लोक धावावयाचे राहिले असतील, तेवढे गुडघेदुखीने राहिले नसतील. पुरुष निदान अंधारात उठून जाऊ शकतो. बाईची अडचण दुप्पट. सकाळचा वेळ पाणी, चूल आणि गुरे यांचा. आणि सून असलेल्या घरातही सासूने रस्त्याने पळावे, हे लोकांच्या डोळ्यांत खुपते. हा संकोच केवळ खेड्याचा म्हणता येणार नाही. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ साली, म्हणजे पुरुषांच्या मागून अठ्ठ्याऐंशी वर्षांनी सुरू झाली. एवढे अंतर बाईच्या प्रकृतीस झेपावयाचे नाही, असे तोवर मोठमोठे जाणकार सांगत होते. पोशाखाची सबबही फारशी टिकत नाही. काष्टा मारलेल्या लुगड्यात पाय मोकळे राहतात. पाचवारी साडीत मात्र ते अडखळतात व पडण्याचे भय असते. बायांनी चार-पाच जणींचा गट करून निघावे. एकटीला बोलणारे लोक पाचजणींना बोलत नाहीत.

सुरुवात कशी करावी, हे आता तपशिलाने सांगितले पाहिजे. प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. छातीत दाटल्यासारखे होणे, थोड्या चढाला धाप लागणे, घेरी येणे, धडधड होणे यांपैकी काही होत असेल, किंवा घराण्यात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेले असेल, तर जिल्हा रुग्णालयात हृदयाची तपासणी करविल्याशिवाय एक पाऊलही धावू नये. शेतात राबणाऱ्या माणसास हृदयविकार होत नाही, हा भ्रम आहे. तंबाखू खाणाऱ्या व बिडी ओढणाऱ्यांनी तर या तपासणीत कुचराई करू नये.

त्यानंतर पहिले दोन महिने केवळ चालावे. आठवड्यातून पाच दिवस, अर्धा-पाऊण तास. मग एक मिनिट धावणे व तीन मिनिटे चालणे असा क्रम धरावा आणि हळूहळू धावण्याचा भाग वाढवीत न्यावा. वेग कसा ओळखावा? सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले की वेग अधिक झाला असे समजावे. घड्याळापेक्षा ही खूण बिनचूक आहे. सहा महिन्यांनी पाच किलोमीटर, वर्षाच्या अखेरीस दहा किलोमीटर एवढी प्रगती साठीच्या माणसाला भरपूर झाली. दोन वर्षांच्या आत पूर्ण मॅरेथॉनचा विचार करू नये, आणि दहा किलोमीटरांवरच समाधान मानले तर त्यात काही गमावले असेही नाही. आरोग्याचा बहुतेक लाभ तेवढ्यात पदरी पडतो. बेचाळीस किलोमीटर हा पुढचा भाग जिद्दीचा आहे. तरुण माणूस आज दमला तर उद्या धावू शकतो. साठीनंतर लांब दौडीनंतरचे दोन दिवस विश्रांतीचेच धरावेत.

पूर्ण अंतर धावू इच्छिणाऱ्याने तीस किलोमीटरांच्या पुढचा भाग ओळखून असावे. स्नायू व यकृत यांत साठविलेली साखर साधारण तेथवर पुरते. ती संपली की पाय शिशाचे होतात, डोके सुन्न पडते, आणि तोपर्यंत हसत आलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसतो. यावर उपाय दोनच. आरंभी वेग आवरून धरणे आणि वाटेत थोडे थोडे गोड खात राहणे. त्यासाठी महागड्या परदेशी पुड्यांची गरज नाही. या भागातील गुळाचा खडा चांगले काम देतो. आदल्या दिवशी रोजचेच अन्न घ्यावे. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, भात. शर्यतीच्या आदल्या रात्री पाहुणचाराचे तेलकट-तिखट जेवण घेणारे दुसऱ्या दिवशी रस्त्यापेक्षा आडोसाच अधिक शोधतात.

पाण्यासंबंधी एक गैरसमज आहे. अधिक पाणी म्हणजे अधिक सुरक्षितता, असे नव्हे. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले असता १३ टक्के लोकांच्या रक्तात मिठाचे प्रमाण सामान्य मर्यादेखाली गेलेले आढळले. वाटेत त्यांनी गरजेपेक्षा जास्त पाणी प्याले होते, हे त्याचे मुख्य कारण. तहानेनुसार पाणी प्यावे व त्यात लिंबू, मीठ, साखर घालावी. मंद धावणारा अधिक काळ रस्त्यावर असतो आणि प्रत्येक थांब्यावर पाणी पितो, म्हणून वृद्धांनी ही गोष्ट अधिक जपावी.

हवा आणि जमीन यांचाही विचार हवा. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंच, तर कलबुर्गी साडेचारशे मीटरांच्या आसपास. त्यामुळे बीदरची पहाट थोडी थंड. परंतु उन्हाळ्यात कलबुर्गीचा पारा चाळिसांच्या पुढे जातो. एप्रिल-मे मध्ये सूर्य वर आल्यानंतर वृद्धांनी धावणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण होय. लांब सरावाचे दिवस म्हणजे ज्वारी निसवू लागते तेव्हापासून सुगी संपेपर्यंतचे. बीदरकडील जांभ्या मुरमाची पायवाट धावावयास उत्तम. ती पायाला फार कठीणही लागत नाही व चिखलही धरीत नाही. काळ्या रानातील वाट मात्र पावसात पायाला किलोभर माती चिकटवते आणि उन्हाळ्यात तिला एवढ्या भेगा पडतात की घोटा मुरगळावयास वेळ लागत नाही. पायांत साधे पण मापाचे बूट असावेत. मधुमेह असणाऱ्यांनी अनवाणी धावण्याचे धाडस मुळीच करू नये. त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झालेली असते, काटा मोडला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

तालुक्याच्या शर्यती भरविणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी आता थोडे. ज्येष्ठांचा गट ठेवावा, त्यात स्त्रियांचा स्वतंत्र असावा आणि अंतर फलकावर स्पष्ट लिहावे. शर्यत सूर्योदयापूर्वी सुटावी. साडेसहाची शर्यत मान्यवरांचे आगमन, सत्कार, हार व भाषणे आटोपून साडेआठला सुटते, हा अनुभव सर्वत्र आहे. विशीतील मुले ते सहन करतात. उपाशीपोटी दोन तास उभा राहिलेला सत्तरीचा माणूस धावण्यापूर्वीच गळून जातो. भाषणे शर्यतीनंतर ठेवावीत. प्रचाराचे काम करणाऱ्यांनाही ही सूचना गैरसोयीची वाटणार नाही, कारण धावून आलेला श्रोता बसून ऐकतो. दर दोन-तीन किलोमीटरांवर पाणी, आरोग्य केंद्रातील परिचारिका व वाहन यांची सोय असावी, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत मांडव मोडू नये.

ज्येष्ठांच्या गटाचा प्रश्न आला की वयाचा दाखला आलाच. जगभरच्या प्रौढ खेळाडूंच्या सामन्यांत पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो, त्यामुळे जन्मसालाला मोल आहे. फौजासिंग यांच्या पारपत्रावर १ एप्रिल १९११ ही जन्मतारीख होती. परंतु त्या काळचा जन्मदाखला नसल्यामुळे शंभराव्या वर्षीच्या त्यांच्या दौडीस गिनीज पुस्तकाने विक्रम म्हणून मान्यता दिली नाही. धावणारा खरा, घड्याळ खरे, कागद मात्र नाही. आपल्या भागात तर शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टिपलेली १ जून ही तारीख कित्येक वृद्धांची जन्मतारीख होऊन बसली आहे. एकाच गावातील निम्मे आजोबा एकाच दिवशी जन्मलेले असावेत, असे नोंदवहीवरून वाटते. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ सालचा, पण घरी झालेल्या बाळंतपणांची नोंद त्यानंतरही अनेक वर्षे राहून गेली. आज पन्नाशीत असलेल्यांनी आपल्या आधार पत्रावरील, शाळेच्या दाखल्यावरील व निवृत्तिवेतनाच्या कागदांवरील तारखा एकमेकींशी जुळवून पाहिल्या तर बरे. शर्यतीसाठी नव्हे तरी वृद्धापवेतनासाठी तो खटाटोप पुढे करावाच लागतो.

शेवटी रस्त्याविषयी. १४ जुलै २०२५ रोजी फौजासिंग यांचे निधन झाले. अनेक मॅरेथॉन पचविलेला हा माणूस आजाराने गेला नाही. आपल्या मूळ गावाजवळ रस्त्यावर पायी असताना एका वाहनाने त्यांना धडक दिली. हुमनाबादवरून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद महामार्गासारख्या रस्त्यांवर पहाटेच्या अंधारात मालमोटारी भरधाव धावत असतात. तेथे सराव करू नये. गावच्या रस्त्याने जावे लागलेच तर उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे धावावे, अंगात पांढरा सदरा असावा व हातात विजेरी असावी.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे शाळेचे पटांगण. दोरीने मापून दोनशे मीटरांची फेरी आखली व चुन्याची रेघ मारली, की पन्नास फेऱ्यांत दहा किलोमीटर होतात. व्हिटलॉक यांनी दफनभूमीत जे केले ते येथे देवळाच्या घंटा ऐकत करता येईल. शिक्षकांनी मुख्याध्यापकांच्या संमतीने पहाटे पाच ते साडेसहा एवढा वेळ हे पटांगण गावातील वृद्धांना खुले करून द्यावे. अडचण एकच येते, ती फाटकाच्या किल्लीची. शिपाई बहुधा दुसऱ्या गावाहून येतो आणि किल्ली त्याच्या खिशात असते. तेव्हा एक किल्ली शाळेशेजारच्या घरी ठेवावी, आणि ती कोणाकडे आहे हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहून लावावे.